नैवेद्यातली साल

गोदू म्हातारीने तो तुकडा पाव तास चघळला, आणि त्यातला निम्मा वेळ त्याची तारीफ केली.

वरसोंडीच्या देवीच्या पालखीचा दिवस होता. देवळाच्या अंगणात गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटून झाला होता. गोदूच्या तोंडात दातच दोन, आणि तेही एकमेकांना कधी न भेटलेले. खोबऱ्याचा काप ती नेहमी गालात ठेवून मुरवायची. यंदाचं खोबरं चिवट आहे, पण चवीला बरं आहे, असं तिने शेजारणीला दोनदा सांगितलं. मग मुरेना म्हणून तिने तो तुकडा बोटांनी बाहेर काढला आणि उन्हात धरला.

ते खोबरं नव्हतं. ती माणसाच्या कातडीची जाड साल होती. रुपयाएवढी रुंद आणि वहाणेच्या तळासारखी टणक.

पुढच्या पाच मिनिटांत वरसोंडीच्या दीडशे माणसांनी देवीचा प्रसाद देवीच्याच अंगणात परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवदंड्याला हरेश्वर दिवेकरांच्या हातात चिठ्ठी पडली. 'गावात दोन महारोगी आहेत. तपासून दाखला द्यावा, म्हणजे त्यांना आश्रमात रवाना करता येईल. मचवा तयार आहे. चारच्या भरतीला सुटेल. आपला नम्र, बाळाजी पाटील.'

दिवेकर हे सरकारी देवी टोचणारे. अठरा वर्षं ते कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पोरांचे दंड टोचत फिरत होते. लोक त्यांना डाक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. पण ही चूक सुधारायला रोज अर्धा तास गेला असता, आणि सरकार त्याचा भत्ता देत नव्हतं. त्यांच्या पिशवीत लशीच्या नळ्या, सुई, चिमटा आणि कारबॉलिक साबण असे. साबण सगळ्यांत आधी संपे. किळस येणाऱ्या माणसाने घेऊ नये असा धंदा त्यांनी घेतला होता, आणि हे त्यांना नेमणुकीच्या दुसऱ्याच दिवशी समजलं होतं.

बाळाजी पाटील देवळाच्या पायरीवर वाट पाहत होते. पन्नाशीचे गृहस्थ. पांढरं धोतर, काळा कोट, पायांत मोजे आणि वर तपकिरी बूट. सारा कोळीवाडा अनवाणी असताना हा थाट उठून दिसे. हात जोडलेले. गेल्या वर्षी मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यांचे हात निकालापर्यंत जोडलेले होते. पाटलांचे कायमचेच होते.

"या डाक्टर. गावावर फार घाण प्रसंग आला."

"तुकडा कुठे आहे?"

गुरवाने केळीच्या पानावर झाकून ठेवलेला तुकडा लांब हाताने पुढे केला. दिवेकरांनी तो चिमट्याने उचलला. त्यांनी तो उजेडाकडे वळवला.

साल पिवळी होती. स्वच्छ, मेणासारखी पिवळी. एक कड सरळ, जणू पट्टी ठेवून कापलेली. त्यांनी नाक जवळ नेलं. गूळ. गुळाखाली कापूर. देवळात सापडलेली वस्तू, कापराचा वास यायचाच, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तरी पुन्हा एकदा वास घेतला.

"ही कोणाची, हे कोणी ओळखलं?"

"त्यात ओळखायचं काय? गोदूने वर धरली तेव्हा मी इथूनच म्हटलं, ही धर्माजीच्या पायाची साल."

"इथूनच? म्हणजे तुम्ही आत नव्हता?"

उत्तर गुरवाने दिलं. "पाटील आत न्हाय येत डाक्टर. चवदा वर्सं झाली. आईच्या म्होरं उभं रायाची आपली लायकी न्हाय, असं म्हंतात. हितं पायरीवर बसून नैवेद्याची परात राखतात. परसाद बी पानावर घेतात, हातात न्हाय. एवढी भक्ती मोठ्या पाटलांची पण न्हवती."

"मोठे पाटील म्हणजे?"

"यांचे वडील, कोंडाजी पाटील. ते पालखीला अनवाणी खांदा द्यायचे आन् परसाद आपल्या हातानं वाटायचे. हे ल्हानपणापासून आजोळी श्रीवर्धनला, मंग अलिबागला शाळेत. मोठे पाटील गेले तवा गावात आले. बूट घालूनच आले."

पाटलांनी हात आणखी घट्ट जोडले.

"नैवेद्य कोण करतं?"

"घरटी एक वाटी खोबऱ्याचे काप. सगळे या परातीत पडतात, वरून गूळ. मंग फडका टाकून परात पाटलांच्या म्होरं ठेवायची, आरती होईस्तवर."

"धर्माजीच्या घरचे काप?"

"छ्या." गुरवाला प्रश्नच लागला. "त्यांचा नारळ आमी अख्खा घेतो. शेंडीला धरून. फोडतो आमी. त्यांचा हात नैवेद्याला आजवर लागू न्हाय दिला."

हे सांगताना त्याला अभिमान वाटत होता. दिवेकरांनी मान डोलावली. न फोडलेल्या नारळात कातडी घालणं कठीण आहे, हे त्यांनी गुरवाला सांगितलं नाही. त्याचं आधीच बरंच नुकसान झालं होतं. काल त्याने दोनदा प्रसाद घेतला होता.

धर्माजीचं घर वाडीच्या उत्तर टोकाला, शेवटच्या माडापलीकडे. दोरीवर बोंबील वाळत होते. त्यांच्या वासाने दिवेकरांनी रुमाल काढला. दारात एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी उभी होती.

"आत्याला आन् बाबाला न्यायला आलात?"

"बघायला आलो. तू कोण?"

"राही. माजे हात साफ हायत. बघा." तिने तळवे पुढे केले. साफ होते. "आता नाकावरचा फडका काढा. आमी रोज हाच वास घेतो, अजून मेलो न्हाय."

दिवेकरांनी रुमाल खिशात ठेवला.

अंगणात एका जुन्या डोणीत ऐनाच्या झाडाच्या सालीचा तपकिरी काढा भरला होता. त्यात साठीच्या घरातली एक बाई लुगडं खोचून जाळं तुडवत होती. धर्माजीची थोरली बहीण, भागुबाई. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. धर्माजी ओट्यावर बसला होता, हात काखेत लपवून. चाळीस वर्षं मासे मारलेला माणूस, पण शाळेत चोरी पकडलेल्या मुलासारखा बसला होता.

"हात दाखव, धर्माजी."

हात बाहेर आले. दिवेकरांनी ते उलटसुलट करून पाहिले. तळव्यांवर बोटाएवढं जाड कवच चढलं होतं, आणि ते कवच आरपार तपकिरी होतं, कमावलेल्या चामड्यासारखं. त्यात भेगा, भेगांत ओल. पायाचे तळवे तसेच, वर कुबट वास.

"हे कधीपासून?"

"जन्मल्यापासून. माज्या बापाला व्हतं. येसाजी तांडेल. मोठ्या पाटलांच्या मचव्यावर व्हता."

"आईला?"

"न्हाय. मना हाय, या भागुबायला हाय. मधला भाव गेला, त्याला न्हवतं. राहीला न्हाय. हा म्हारोग न्हाय डाक्टर. मी ल्हानपणापासून सांगतोय. कोनाला लागत न्हाय."

दिवेकरांनी सुईचं टोक हाताच्या पाठीवर टेकवलं. धर्माजीने लगेच हात मागे घेतला. महारोगात बधिर व्हायला हवी ती जागा चांगली जिवंत होती.

"हा रंग?"

"ऐनाचा. आमची जाळी आमीच रंगवतो. आत्या बी तुडवते, बाबा बी," राही म्हणाली. "एकदा चढला की चितेपर्यंत न्हाय सुटायचा."

"वाढलेली साल कशाने कापता?"

"कापत न्हाय." धर्माजीने न्हाणीकडे बोट केलं. तिथे जांभ्याचा एक दगड होता, मधोमध झिजून वाटी झालेला. "घासतो. पीठ पडतं. एकदा सुरीनं काढली, तर खारं पाणी लागून पंधरा दिस डोळ्याला डोळा न्हवता."

न्हाणीच्या दगडांवर तपकिरी पीठ साचलं होतं, चहाच्या भुकटीसारखं. दिवेकरांनी ते बोटावर घेतलं, आणि घेतल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला. ते साबण काढून हात धुवायला बसले. राही तांब्याने पाणी घालत होती. एकदा धुतले. दोनदा धुतले. तिसऱ्यांदा साबण लावला.

"आनखी वतू?" राही म्हणाली. "इहीर मोठी हाय."

दिवेकरांनी साबण ठेवला.

"गळ्यात साखरपुड्याची सर दिसते. लग्न ठरलंय?"

"पाटलांच्या चंदरशी. तो मुंबईला गोदीत हाय. त्याचे हात बी माज्यासारखेच साफ. वैशाखात लगीन." तिने तांब्या उपडा घातला. "पाटील पयल्यापासून न्हाय म्हणत व्हते. का, ते सांगंनात. मी म्हटलं, हात बघा, पाय बघा. बघितले. तरी न्हाय. चंदर अडून बसला, तवा गप झाले. त्याला आठ दिस झाले. आन् काल हे."

"आज दाखला दिला तर?"

"तर चारला बाबा आन् आत्या मचव्यात. घर जाळायचं ठरलंय. लगीन तर सरलंच." ती थांबली. "तुमी लिवणार?"

"दोन वाजता देवळात या. सगळे."

दोन वाजता सगळं गाव अंगणात जमलं. धर्माजी, भागुबाई आणि राही कुंपणाबाहेर उभी होती, वाऱ्याची दिशा पाहून गावाने नेमून दिलेल्या जागेवर. मचव्याचं शीड खाडीत दिसत होतं.

दिवेकरांनी दाखल्याचा कागद पायरीवर ठेवला. वर दगड ठेवला.

"सही करण्याआधी एक सरकारी काम आहे," ते म्हणाले. "काल तो प्रसाद सगळ्यांनी खाल्ला. म्हणून सगळ्यांचे तळहात आणि तळपाय तपासावे लागतील. रांगेने या."

असा कुठलाही सरकारी हुकूम नव्हता. पण सरकारी हुकुमांत याहून चमत्कारिक हुकूम लोकांनी पाळलेले होते. रांग लागली.

त्या दुपारी दिवेकरांनी तीनशे पावलं आणि तेवढेच तळहात पाहिले. खवले चिकटलेले, चिखल्या झालेले, काट्यांनी सडलेले, नखांत कोलंबीच्या मिशा अडकलेले. गुरवाचे पाय विशेष होते. महारोग्याच्या नावाने काल ओकलेल्या गावाने स्वतःचे पाय कधी जवळून पाहिले नव्हते. जांभ्याचा दगड फक्त एकाच घरात होता.

शेवटी पायरीवरचे पाटील उरले.

"आता आपण."

"मी?" पाटील हसले. "मी तर तक्रार करणारा."

"तक्रार करणाऱ्यानेही प्रसाद खाल्ला असेल."

"पानावर घेतला होता."

"मग हात तरी उघडा, पाटील. मी आल्यापासून ते जोडलेलेच आहेत."

पाटलांचे हात सुटले नाहीत.

तेवढ्यात गोदू म्हातारी उठली. "तुकडा मी चगळला," ती म्हणाली, "तर मना बघू दे." ती पाटलांच्या पाया पडायला वाकली. पाटील सवयीने आशीर्वाद देऊ लागले. म्हातारीने दोन्ही हातांनी बूट धरला आणि मोज्यासकट ओढून काढला.

कापराच्या चार वड्या पायरीवरून गडगडत खाली आल्या. त्यांच्यामागून वास आला, आणि पुढची रांग मागे सरकली.

पाटलांच्या पायाचा तळवा पिवळा होता. स्वच्छ, मेणासारखा पिवळा. बोटभर जाड कवच, कडेला लालसर रेघ. टाचेवर रुपयाएवढा एक खळगा होता, ताजा, एक कड सरळ.

दिवेकरांनी चिमट्याने तो तुकडा पानावरून उचलला आणि खळग्यात ठेवला. डबीचं झाकण बसावं तसा बसला.

कोणीतरी कुंपणापाशी जाऊन कालचं राहिलेलं परत केलं.

"आता ऐका," दिवेकर म्हणाले. "धर्माजीच्या घरची साल असती तर तपकिरी असती. ऐनाचा रंग तिच्यात आरपार मुरतो. ही पिवळी आहे, म्हणजे हिच्या मालकाने जन्मात जाळं रंगवलं नाही. धर्माजी दगडाने घासतो, त्याचं पीठ पडतं. ही वस्तऱ्याने कापली आहे. हिला कापराचा वास आहे. मला वाटलं देवळाचा. पण देवळातला कापूर जळतो. बुटातला तसाच राहतो. आणि धर्माजीचा नारळ तुम्ही अख्खा घेता. तुमच्या सोवळ्यानेच त्याला निर्दोष ठरवलंय."

गुरवाने मान खाली घातली.

"परातीजवळ एकटं कोण होतं? पाटील. चौदा वर्षं ते आत का येत नाहीत? आत बूट काढावे लागतात. प्रसाद पानावर का? हात पुढे करावा लागतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. एवढासा तुकडा, गुळात माखलेला, म्हातारीने चघळलेला. पाटलांनी दहा पावलांवरून सांगितलं की तो पायाचा आहे. हाताचा नव्हे, पायाचा. मी नाकाशी धरूनही मला ते सांगता आलं नसतं."

रांगेतून एक आवाज आला. "म्हंजे पाटील बी म्हारोगी?"

"न्या त्यान्ला बी मचव्यात," दुसरा म्हणाला.

आता पाटलांचे हात सुटले. तळवे उघडे पडले, पिवळे, भेगाळलेले. "हा महारोग नव्हे," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मला जन्मल्यापासून आहे. कोणाला लागत नाही. माझ्या बायकोला, मनुबाईला विचारा, बावीस वर्षं माझ्या घरात आहे, तिला झालाय का?"

धर्माजी हेच शब्द जन्मभर बोलत होता. आज पाटील बोलले म्हणून गावाला पटले.

"झालं तर," दिवेकर म्हणाले. "दाखल्याचा मजकूर पाटलांनीच सांगितला." त्यांनी कागदावर लिहिलं की वरसोंडीत तिघांच्या हातापायांची कातडी जन्मजात जाड आहे, महारोग कोणालाही नाही, आणि खाली सही केली. दाखल्यावर सही करायचा त्यांना अधिकार नव्हता. पण तो सकाळीही नव्हता, आणि तेव्हा कोणाची हरकत नव्हती.

"पर पाटलांनी असं केलं का?" गुरवाने विचारलं.

"ते दाखल्यात येत नाही. घरी जा आणि पाय धुवा."

अंगण रिकामं झालं. मचवा रिकामाच भरतीला लागला. पायरीवर पाटील उरले, एक बूट घातलेले. दिवेकरांनी धर्माजी, भागुबाई आणि राहीला कुंपणाच्या आत बोलावलं.

"पाटील, अलिबागच्या एका मोठ्या डॉक्टरांनी मला या कातडीची रीत सांगितली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "ती आईबापांतल्या एकाकडून सरळ मुलाकडे येते. पिढी टाकून उडी मारत नाही. ज्याला नाही, तो देऊ शकत नाही. कोंडाजी पाटील अनवाणी फिरत आणि उघड्या हाताने प्रसाद वाटत. तुमच्या आईचे हात?"

पाटलांनी काढलेला बूट जवळ ओढला.

"लोण्यासारखे," भागुबाई म्हणाली. "मी त्यांच्या घरी भांडी घासायची. मना ठावं हाय."

"मग हे तुमच्याकडे आलं कुठून? गावात ही कातडी एकाच माणसाला होती. मोठ्या पाटलांच्या मचव्याचा तांडेल, येसाजी."

धर्माजीने आपले हात पुन्हा काखेत घातले.

"मोठ्या पाटलांनी पोराचे पाय पाहिले आणि त्याला आजोळी ठेवलं. पाटील, तुम्हाला हे माहीत होतं. चंदर आणि राही म्हणजे चुलत भावंडं. लग्न होऊ देणं शक्य नव्हतं. कारण सांगावं, तर पाटीलकी गेली. म्हणून तुम्ही आपल्या टाचेचा तुकडा देवीच्या ताटात टाकलात. सख्ख्या बापाच्या लेकरांना महारोगी ठरवून गावाबाहेर काढायला निघालात."

"मी त्यांना आश्रमात पाठवणार होतो," पाटील म्हणाले. "तिथे दोन वेळा जेवण असतं. मी चौकशी केली होती."

दिवेकरांनी जिल्ह्यातल्या साऱ्या खरजा, नारू आणि फोड पाहिले होते. पण त्या दिवसात त्यांना पहिल्यांदाच खरी मळमळ आली. साबणाकडे मात्र हात गेला नाही. याला साबण चालत नाही, हे त्यांना कळत होतं.

राही इतका वेळ पाटलांच्या पायाकडे पाहत होती. तिने गळ्यातली साखरपुड्याची सर काढली आणि त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवली.

"काका," ती म्हणाली. तो शब्द तिने पहिल्यांदाच वापरला, आणि पाटलांना तो बूट ओढून काढल्यापेक्षा जास्त लागला. "मना एकलीला बोलावून सांगितलं असतं ना, तर मी आपनहून मोडलं असतं. कोनाला काय बी न सांगता. चंदरला मीच नको म्हटलं असतं. एवढंच काम व्हतं."

ती वळली आणि समुद्राच्या बाजूने चालू लागली. धर्माजी तिच्या मागे गेला.

भागुबाई थांबली. पाटलांच्या टाचेतल्या खळग्यातून रक्त पाझरत होतं. "वस्तरा नको लावूस, बाळा," ती म्हणाली. "उद्या दगड धाडते."

मग ती देवळात गेली. कोणी अडवलं नाही. अडवायला कोणी शिल्लक नव्हतं. गुरवाने काल न फोडताच कोपऱ्यात ठेवलेला आपल्या घरचा नारळ तिने बाहेर आणून पायरीवर आपटून फोडला, तपकिरी, भेगाळ बोटांनी खोबऱ्याचा तुकडा उचकटला, आणि दिवेकरांपुढे धरला.

"सकाळपासून पोटात काय बी न्हाय तुमच्या," ती म्हणाली.

दिवेकरांनी हात पुढे केला, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. चावायला जरा वेळ लागला. पण तो नारळ जुना होता म्हणून.